मागच्या सीटवरचे पंचावन्न किलो

या सदरातले अनुभव मी आजवर जेवणानंतरची करमणूक म्हणून वाचत आलो. लिहिणाऱ्यांची थोडी कीवच यायची, हे कबूल करतो. माझा धंदाच असा आहे की जे आहे त्याला वजन असतं, आणि ज्याला वजन नाही ते नसतं. ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या ज्यावर चढवून मोजतात त्या मोठ्या वजनकाट्यांचा मी सर्व्हिस इंजिनिअर. बावीस वर्षं झाली. राहायला नागपूरला. देवळात बायको जाते, मी बाहेर चपला सांभाळतो. एवढं आधी सांगितलं, कारण पुढे जे लिहिणार आहे ते लिहिताना मलाच अवघड होतंय.

महिन्यातून दोनदा तरी मी विमानाने पुण्याला येतो, एअरपोर्टवर भाड्याची गाडी घेतो आणि स्वतः चालवत दोन-तीन तालुक्यांतले काटे करून परत जातो. कंपनीच्या नियमाने माझ्या ग्रेडला सगळ्यात खालचा वर्ग मिळतो... छोटी हॅचबॅक. त्याच्यावर सेडान, मग लहान एसयूव्ही, मग मोठी. पण इतकी वर्षं एकाच ठिकाणाहून गाड्या घेतल्यामुळे मी त्यांच्या यादीत ‘गोल्ड’ झालोय. गोल्डवाल्याला, शिल्लक असेल तर, वरच्या वर्गाची गाडी मिळते. फिरतीवरचे बरेच लोक या अपग्रेडवर जीव टाकतात. कोणाला काय मिळालं यावर एअरपोर्टच्या रांगेत चर्चा चालते.

मला त्याचा वैतागच जास्त. कारण माझी एक जुनी सवय. ज्या काट्यावर जाईन तिथे काम झालं की मी माझी गाडीही चढवून बघतो. गाडी तीच, त्यामुळे सकाळच्या आणि दुपारच्या काट्याचा आकडा जुळला पाहिजे. आपल्या मनाची खात्री, बाकी काही नाही. हॅचबॅकचे आकडे मला पाठ आहेत. अपग्रेड मिळालं की सगळं नव्याने लिहावं लागतं.

गेल्या फेब्रुवारीत असंच झालं. काउंटरवरच्या मुलीने हसून किल्ली पुढे केली. “सर, आज तुम्हाला दोन वर्ग वरची गाडी देतोय. लहान एसयूव्ही. एकदम नवी आहे.”

“हॅचबॅक नाही का?”

“सर, लोक भांडतात यासाठी,” ती म्हणाली. हॅचबॅक एकही शिल्लक नव्हती. मी पांढरी एसयूव्ही घेऊन निघालो.

सकाळचं काम शिरूरला, गावाबाहेर एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर. वाघोली, सणसवाडी ओलांडायलाच वेळ गेला, कारखान्यांच्या बसेस आणि कंटेनर. साडेनऊला पोहोचलो, बाराच्या आत काम आटोपलं. मग गाडी चढवली. मी खाली, बॅग मागच्या सीटवर. आकडा आला १२९५. काटा पाच-पाच किलोच्या टप्प्याने दाखवतो, म्हणजे १२९५ला दोन-अडीच किलो इकडे तिकडे. डायरीत लिहिलं आणि निघालो.

दुसरं काम पाटसच्या अलीकडे, दौंड तालुक्यात. शिरूरहून न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडायची, केडगाव, चौफुला, मग सोलापूर हायवेने पाटस. उसाचा हंगाम जोरात होता. न्हावरा सोडल्यावर पुढे ट्रॉल्यांची रांगच रांग. भूक लागली होती, म्हणून एका एसटीच्या थांब्यापाशी गाडी कडेला घेतली. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा बाक, गावाचं नाव उन्हाने उडालेलं. थांब्यावर कोणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण बाकावर बसूनच मी डबा खाल्ला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणी बसलेलं असतं तर कळलं असतं.

डबा बॅगेत होता. तो काढायला डावीकडचं मागचं दार उघडलं ते जेवण होईपर्यंत उघडंच राहिलं. दहा मिनिटं असेल. दुपारचे साडेबारा. समोर तोडलेल्या उसाचं रान, लांबवर मेंढ्यांचा कळप. हात धुतले, बॅग उचलून पुढच्या सीटवर टाकली, दार लावलं, निघालो.

शंभर फूट गेलो नसेन, तोच टिंग टिंग सुरू झालं.

समोरच्या काचेखालच्या पडद्यावर मागच्या तीन सीटच्या तीन खुणा असतात. सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही की ती खूण लाल होते. डावीकडची लाल होती. मागे वळून पाहिलं. सीट रिकामी. बॅग तर पुढे, माझ्या शेजारी. गाडी थांबवली, दार उघडलं, सीटवर हात फिरवला. उन्हाने तापलेली, सपाट सीट. खाली काही पडलं होतं का पाहिलं. काही नाही. गाडी बंद केली, चालू केली. लाल.

सीटखालचा वजनाचा सेन्सर म्हणजे माझ्या धंद्यातलाच प्रकार. ओल गेली, वायर दबली, की खोटा आकडा देतो. मला भीती वगैरे काही वाटली नाही. फक्त आवाज डोक्यात जायला लागला, म्हणून हेल्पलाइनला फोन लावला. गोल्डवाल्यांची वेगळी लाइन असते, लगेच उचलतात.

“सर, मागच्या सीटवर काही सामान आहे का?” मुलीने विचारलं.

“काहीच नाही.”

“लहान मूल वगैरे?”

“मॅडम, मी एकटा आहे.”

तिने माझं खातं उघडून पाहिलं असावं. “सर, तुम्ही नेहमी घेता त्या वर्गात मागे हा सेन्सर नसतो, म्हणून सवय नसेल. रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाका, आवाज बंद होईल. नाहीतर दुसरी गाडी पाठवते, पण तीन तास लागतील.”

तीन तास माझ्याकडे नव्हते. संध्याकाळचं विमान होतं. मी मागे जाऊन रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि खटक्यात बसवला. टिंग टिंग थांबलं. खूण लालची हिरवी झाली. म्हणजे गाडीच्या हिशोबाने मागे बसलेल्या माणसाने आता बेल्ट लावला होता...

इथपासून मला अस्वस्थ वाटायला लागलं. नक्की कारण सांगता येत नाही. मागे काही दिसलं नाही, वास नाही, आवाज नाही. पण ती हिरवी खूण डोळ्यासमोर, आणि आरशात बेल्ट. रिकाम्या सीटचा बेल्ट पाठीला टेकून सपाट पडलेला असतो ना? हा पुढे होता. चार बोटं पुढे. मी मनाला सांगितलं, नवा आहे, ताठ आहे. मग आरसाच छताकडे वळवून टाकला. पारगावच्या पुलावर आलो तेव्हा लक्षात आलं की मी तिसाच्या वर जातच नाहीये. गतिरोधक आला की गाडी अगदी सावकाश उचलत होतो... मागे म्हातारं माणूस बसलं असेल तर आपण जशी चालवतो तशी. चौफुल्याला गाडी थांबवून चहा घेतला, परत येऊन किल्ली फिरवली. हिरवी.

पाटसचा काटा खासगी, रस्त्याकडेचा. नाव घेत नाही. पूर्वी मालक स्वतः बसायचे. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून त्यांची सून सुरेखाताई काटा बघते. पस्तिशीची बाई, कमी बोलणारी, कॉम्प्युटरवर हात सफाईदार. दोन महिन्यांपासून तिच्या काट्यावर गाड्या येईनाशा झाल्या होत्या. शेजारच्या वस्तीवरच्या एका वजनदार शेतकऱ्याने बोलून दाखवलं होतं, की बाई बसल्यापासून काटा कमी दाखवतो. लोक त्यांना आबा म्हणतात. सत्तरीचे, पांढरंशुभ्र धोतर, सोसायटीवर निवडून आलेले, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला किंमत. मग सुरेखाताईनेच आमच्या कंपनीला बोलावलं आणि आबांनाही. समोरासमोर होऊ दे म्हणाली. मी काटा बरोबर असल्याचा रिपोर्ट दिला तरच तो काटा चालणार होता.

प्रमाण वजनं घेऊन आमचा टेम्पो आधीच आला होता. वीस-वीस किलोची लोखंडी वजनं. चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिली, मधे ठेवून पाहिली, भरल्या ट्रकसोबत ठेवून पाहिली. एकेक आकडा बिनचूक. एवढ्या वर्षांत इतका स्वच्छ काटा मी कमी पाहिला असेल.

आबा खाटेवर बसून सगळं बघत होते. “वजनं तुमचीच, मान्सं तुमचीच,” ते म्हणाले. “आमाला काय कळनार त्यातलं?”

इथे मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. म्हणालो, “आबा, ही गाडी दिसते ना, सकाळी शिरूरच्या काट्यावर बाराशे पंच्याण्णव भरली. हे बघा डायरीत. इंधन जळलंय, तर बाराशे नव्वद येईल. याच्यापेक्षा साधा पुरावा दुसरा नाही.”

“चढवा की मग,” आबा म्हणाले.

गाडी चढवली. खाली उतरलो, दार लावलं. सुरेखाताईने काट्याच्या केबिनच्या खिडकीतून आकडा वाचला.

“तेराशे पन्नास.”

मला वाटलं चुकून वाचला. आत जाऊन पाहिला. १३५०. गाडी उतरवली, काटा शून्यावर आला, परत चढवली. १३५०. माझी बॅग, छत्री, पाण्याचा कॅन, सगळं काढलं. तेवढ्याने सात-आठ किलो गेले, बाकी तसंच. डिकी उघडली, जादाचं चाक तपासलं. मग गाडी खाली घेऊन तिच्या जागी तेराशे किलोची प्रमाण वजनं रचली. टेम्पोवाल्या माणसांनी शिव्या घातल्या असतील मला. काट्याने तेराशे दाखवले. अगदी तेराशे.

सामान परत जागेवर टाकून गाडी चढवली. १३५०.

आबा उठून काट्याजवळ आले. ते चिडलेले नव्हते, तेच जास्त अवघड होतं. “साहेब, तुमीच म्हनला साधा पुरावा. पंचावन्न-साठ किलोचा फरक पडतोय, कमी न्हाई तर जास्तीचा. माझ्या ट्रॉलीला किती पडत असंल?”

सुरेखाताई खिडकीच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. रिपोर्टचा कागद माझ्या हातात होता. वजनं सांगत होती काटा बरोबर आहे. काटा बरोबर असेल, तर माझ्या गाडीत पंचावन्न-साठ किलोचं काहीतरी होतं. काटा चूक आहे असं लिहिणं सगळ्यात सोपं होतं. एक ओळ. विमान मिळालं असतं आणि मागच्या सीटचा विचार करावा लागला नसता. त्या बाईचा काटा बंद पडला असता, एवढंच.

लाज वाटते, पण मी पेन उघडलं होतं.

तेवढ्यात सुरेखाताई बाहेर आली. गाडीला एक फेरी मारली, मागच्या काचेतून वाकून पाहिलं. “साहेब, हितं कोन बसलं हुतं का?”

“नाही. का?”

“रिकाम्या सीटचा पट्टा लावलाय म्हनून इचारलं.”

काय सांगणार? सेन्सर बिघडलाय म्हणालो असतो. पण मी दुपारभर त्याच गोष्टीशी झगडत होतो आणि तिचा प्रश्न इतका साधा होता, की मी सगळं सांगून टाकलं. थांबा, उघडं दार, लाल खूण, हेल्पलाइन. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता. टेम्पोवाले लांब गेले.

ऐकून झाल्यावर आबांनी विचारलं, “कुठला थांबा? न्हावऱ्याच्या म्होरं, सिमिटाचा बाक हाय त्यो?”

“हो. तिथे कधी अपघात वगैरे झाला होता का?”

“आसं काय मला ठावं न्हाई.” त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “आमच्या तरनेपनी तितनं शिरूर-दौंड गाडी जायची. आता कोन उभं ऱ्हात न्हाई तितं. समद्यांच्या दारात मोटारसायकली झाल्या.”

हायवेवरून ट्रक जात होते. ऊन कलायला लागलं होतं.

“दौंडला जायचं असंल मग,” सुरेखाताई म्हणाली. अगदी सहज, एखाद्या गाडीची पावती फाडताना बोलावं तसं. “सोडून या की साहेब. येवढ्या लांब आनलंयच तर.”

मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं ते हसतील, किंवा उठून जातील. ते म्हणाले, “मी बी येतो. मला आकडा बघायचाय. सोडल्यावर काय भरतीय गाडी ते बघू. पन मी म्होरं बसनार.”

पाटसहून दौंड फार लांब नाही. पण त्या वीस-पंचवीस मिनिटांइतका लांब प्रवास मी केलेला नाही. आबा माझ्या शेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर रस्त्यावर. मागे वळून बघत नव्हते. हिरवी खूण चालू होती. मला सारखं वाटत होतं की आता काहीतरी होईल, मानेवर श्वास येईल, स्टेअरिंग ओढलं जाईल. काही झालं नाही. मधेच एक ट्रॅक्टर आडवा आला, मी जोरात ब्रेक मारला. आपण शेजारच्याला आवरायला हात पुढे करतो, तसा आबांचा उजवा हात आपोआप मागे गेला, दोन सीटच्या फटीतून. लगेच त्यांनी तो ओढून घेतला.

त्याच रस्त्यावर एक विचार आला. मला हॅचबॅक मिळाली असती तर लाल खूण दिसलीच नसती, बेल्ट लावला नसता, सुरेखाताईने विचारलं नसतं. मी काटा नापास करून पुण्याला गेलो असतो. आणि जे कुणी होतं ते एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये, काचा बंद गाडीत बसून राहिलं असतं. का कोण जाणे, पण हा विचार आला तेव्हापासून मला भीतीपेक्षा घाई जास्त झाली. व्यवस्थित पोहोचवलं पाहिजे, बस.

दौंडच्या एसटी स्टँडच्या बाहेर, रिक्षांच्या मागे जागा मिळाली. पाच वाजून गेले होते. शाळा-कॉलेजची पोरं, भेळेची गाडी, स्टेशनकडून येणारी माणसं. मी इंजिन बंद केलं नाही. काय करायचं कळेना. आबा घसा साफ करून हळूच म्हणाले, “दौंड आलं.”

मागे खटका उघडल्याचा आवाज झाला.

बेल्ट सर्रकन आपल्या जागी गेला. टिंग टिंग सुरू झालं. पडद्यावरची खूण लाल. मी मागे पाहिलं नाही, खरंच सांगतो, मान वळलीच नाही. आबा उतरले. मला वाटलं निघून चालले. पण त्यांनी मागचं दार उघडलं आणि ते धरून बाजूला उभे राहिले. आतला आरसा मी वळवलेला होता, त्यामुळे बाहेरच्या डाव्या आरशात मला फक्त त्यांचं धोतर आणि हात दिसत होता. त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर करून... घरातल्या थोरल्या माणसाला उतरायला आधार देतात तसा. “सावकाश,” म्हणाले.

टिंग टिंग थांबलं. लाल खूण विझली.

आबा तसेच उभे होते. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी दार लावलं आणि पुढे येऊन बसले. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता, तो पाटसपर्यंत तसाच होता. बोटं अर्धवट मिटलेली. मी विचारलं नाही.

काट्यावर सुरेखाताईने गाडी चढवून घेतली. आम्ही दोघं खाली उतरलो. तिने आकडा वाचला नाही, पडदाच आमच्याकडे वळवला. १२९०.

आबांनी जवळ जाऊन पाहिलं, मग काट्याच्या कडेला टेकले. म्हणाले, “सुरेखा, उद्या माझी ट्रॉली हितंच येईल. सांगतो समद्यांना.” तिने मान हलवली आणि आत चहा टाकायला गेली. चहा आणला तेव्हा तिचे डोळे लाल झालेले दिसले. मी रिपोर्टवर सही केली. काटा बरोबर. साक्षीदार म्हणून आबांनी डाव्या हाताचा अंगठा लावला. त्यांना सही येते, हे मला नंतर कळलं.

विमान अर्थातच चुकलं. दुसऱ्या दिवशी गाडी परत करताना मी सेन्सरची तक्रार लिहून दिली. आठवड्याने उत्तर आलं... गाडी तपासली, कोणताही दोष आढळला नाही, आपल्या सूचनेबद्दल आभार. आमच्या ऑफिसमधल्या एका हुशार पोराला मी सगळे आकडे नावं न सांगता दाखवले. तो म्हणाला, टायरखाली दगड, वारा, काट्याचा तापमानाचा फरक. मी म्हटलं, वजनांना का नाही पडला मग फरक? त्याने डायरी परत माझ्याकडे सरकवली. नंतर दोनदा त्या थांब्यावरून गेलो, एकदा उतरून शेजारच्या मळ्यात विचारलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, उलट मीच कोण म्हणून चौकशी केली.

एवढं सगळं मी कदाचित मनातून काढूनही टाकलं असतं. पण मध्यंतरी सुरेखाताईचा सुट्या भागासाठी फोन आला, तेव्हा आबा काट्यावरच बसलेले होते. तिने फोन त्यांना दिला. इकडचं तिकडचं झालं, उसाचं, पावसाचं. मग माझ्याने राहवेना. म्हटलं, “आबा, त्या दिवशी दार धरलं होतं तुम्ही. हातात काही जाणवलं का?”

पलीकडे खाट करकरली, आबा उठून बाजूला गेले असावेत.

“जानवलं,” आबा म्हणाले. “पन साहेब, तुमचा काटा म्हनतोय पंचावन्न किलो. मला ते पटत न्हाई. लई हलकं हुतं.”